एकेचाळीस सेकंद

विडी घरकुलात रात्री दोन वाजता
पंखा गरम हवाच इकडची तिकडे सारतो.
मी मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेला.
डावं बटण, उजवं बटण,
बाकीची असून नसल्यासारखी.
एक तर निघूनच गेलंय, कॉटखाली असेल कुठंतरी.

खेळ साधा आहे :
पांढरा ठिपका खाली पडत राहतो,
दोन्ही भिंतींतून काटे निघतात.
लागला की मेला. परत वरून, शून्यापासून.
आजवर एकेचाळीस सेकंद. त्यापुढं काय आहे
मला माहीत नाही.

पहिले वीस-पंचवीस डाव मी असतो.
मी म्हणजे नरहरी इराबत्ती,
टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला,
मुकादमाचा फोन न उचललेला,
पाठीवर घामोळं,
बाराव्या सेकंदाला स्क्रीनला शिव्या देणारा.
मी काटा बघतो, मग ठरवतो, मग बोट हलतं.
तोवर ठिपका गेलेला.
बघणं आणि हलणं यांच्या मधे
टेबल टाकून एक साहेब बसलाय,
त्याची सही झाल्याशिवाय
बोट जागचं हलत नाही.

मग कधीतरी साहेब रजेवर जातो.
अर्ज न देता.
कधी जातो ते सांगता येत नाही,
कारण ते बघायला तोच असतो.

नजर ठिपक्यावर नाही,
ठिपक्याच्या चार बोटं खाली,
जिथं अजून काहीच नाही.
काटे सावकाश येतात.
म्हणजे येतात तेवढ्याच वेगानं,
घाई करणारं कोणी घरात उरलेलं नसतं.
पलीकडं यल्लव्वा खोकते, ते ऐकू येतं.
लांब कुठंतरी लूमची रात्रपाळी, खटाक खट, खटाक खट.
मनगटावर डास बसतो, पितो,
पोट भरल्यावर जातो.
हाकलण्याइतका मी
शिल्लकच नसतो.

आणि अडतीसाव्या सेकंदाला कळतं
की आपल्याला जमायलंय.
हे कळणं म्हणजेच साहेब,
चपला दारात काढून हळूच आत आलेला,
खांद्यावर हात ठेवून म्हणतो, वा, इराबत्ती!
ठिपका काट्यावर.

अम्माला एकदा विचारलं,
विडी वळताना मनात काय चालतं तुझ्या?
सूप मांडीवर, बोटं चालूच.
म्हणाली, काय चालतंय? हजार झाली की कळतंय.
मग दोऱ्याची गाठ मारून :
मोजाया लागलं की पान फाटतंय.
मी म्हटलं, अगदी हेच!
ती म्हणाली, हेच कसं?
हजाराचे मला पैसे मिळतेत.
तुझ्या एकेचाळीसचे कोण देतंय?
यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
अजून नाही.

परवा पाचवा दिवस होता पाण्याचा.
तीन वाजून गेले असतील.
आधी नळ नुसता फुसफुसला, वारा सोडल्यासारखा,
मग गल्लीभर घागरी, बादल्या, दारं,
आणि अम्माचा आवाज :
नीळ्ळु वच्चिनय रा!
पाणी आलं हे मला ऐकू आलं,
जसा खोकला ऐकू येतो, जसा लूम.
काटा, काटा, मधली फट, काटा.
कोणी वा म्हणालं नाही.
कोणी नव्हतंच.

ठिपका मेला तेव्हा आकडा बघितला :
बावन्न.
एकेचाळीस कधी मागं पडलं, काही पत्ता नाही.
जिथं जायला दोन महिने धडपडत होतो
तिथून जाऊन आलो,
आणि जाताना मीच नव्हतो बरोबर.

बाहेर आलो तर दोन पिंपं तिनं एकटीनं भरलेली,
गाऊन गुडघ्यापर्यंत ओला,
मोतीबिंदूचा डोळा मिटून
ती कळशीच्या तोंडाशी पाइप धरून उभी.
मला वाटलं आता बोलणार.
मी पुढं होऊन कळशी घेतली.

कितीवर मेलास?
तिनं विचारलं.
बावन्न.

तिनं नळाकडं बघितलं, धार बारीक व्हायला लागली होती.
बरं, म्हणाली. पाइप धर.